गोदामाच्या दारातला कर

मुंबईहून ठाण्यावरून नाशिककडे ज्यांचे जाणे-येणे होते, त्यांना मुलुंडचा जकात नाका आठवत असेल. मुंबईत शिरणाऱ्या मालट्रकांची लांबच लांब रांग, खिडकीशी कागदांची चळत घेऊन उभे असलेले दलाल, आणि नंबर कधी लागतो याची वाट पाहत गाडीच्या सावलीत बसलेले ड्रायव्हर, हे दृश्य तेथे वर्षानुवर्षे होते. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री ते संपले. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर, म्हणजे आपण सगळे ज्याला जीएसटी म्हणतो तो, सुरू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. त्या वेळी पुष्कळांना वाटले, चला, नाका गेला, आता कराची कटकटही गेली!

खरोखरच तसे झाले काय? नाका गेला हे खरे. पण तो गेला कुठे, हे पाहायचे असेल तर माझ्याबरोबर दापोड्याला चला.

दापोडे हे ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातले गाव. नाशिक महामार्गावरच्या माणकोली नाक्यापासून आत वळले की लागते. जेथे भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत. साबण, औषधे, टीव्ही, पादत्राणे, पुस्तके, कापड, यंत्रांचे सुटे भाग, घरबसल्या मागवलेली पार्सले, सगळे या गाळ्यांतून येते आणि जाते. ही गोदामे येथेच का आली? स्वस्त जमीन, महामार्ग, मुंबईचे बंदर आणि पुढे न्हावा-शेवा ही कारणे आहेतच. पण त्यांच्या जोडीला एक मोठे कारण होते, आणि ते कराचे होते.

जकात बसे ती महापालिकेच्या हद्दीत माल शिरताना. समजा, कंपनीने शंभर पेट्या मुंबईतल्या गोदामात आणल्या, तर शंभरांवर जकात. मग त्यांतल्या साठ पुढे साताऱ्याला आणि नगरला जायच्या असल्या, तरी त्या साठ पेट्यांवरचा पैसा परत मिळवण्याचा खटाटोप आलाच. त्यापेक्षा माल हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या गावात ठेवावा, आणि मुंबईला लागतील तेवढ्याच चाळीस पेट्या नाक्यावरून आत न्याव्यात, हे बरे. असा साधा हिशेब होता. शेतकऱ्यांनी जमिनीवर गाळे बांधले, भाडे येऊ लागले, आणि दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर ही नावे देशभरच्या व्यापाऱ्यांच्या बिलांवर छापली जाऊ लागली.

जकात गेल्यावर ही गोदामे ओस पडायला हवी होती, नाही का? पण झाले उलटेच. पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की १९५६ च्या कायद्याप्रमाणे केंद्रीय विक्रीकर लागे. तो टाळण्यासाठी कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवीत. जीएसटीनंतर ती गरज उरली नाही. दहा छोट्या गोदामांऐवजी दोन मोठी गोदामे परवडू लागली, आणि मोठे गोदाम म्हटले की भिवंडी आलीच. गोदाम कुठे बांधावे हे पूर्वी कर सांगत असे. आता रस्ता आणि गिऱ्हाईक सांगतात.

पण त्या गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक मालावर कर आहेच. फक्त तो रस्त्यावरच्या अडसरापाशी गोळा होत नाही. नाका आता कागदात आला आहे. कागद म्हणण्यापेक्षा संगणकाच्या पडद्यावर आला आहे. पन्नास हजार रुपयांवरचा माल पाठवायचा असेल, तर ई-वे बिल काढावे लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. माल कोणाचा, कुठून निघाला, किती आहे, कोणाकडे चालला, कोणत्या नंबरच्या गाडीतून चालला, हे सगळे त्यात लिहायचे. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, एवढीच त्याची मुदत.

यात नवे काही नाही बरे का! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि चार-पाच जणांनी लिहून घ्यावे, की आलेला व्यापारी कोण, कुठला, त्याचा माल किती, आणि मालावर पहिला शिक्का कुठे बसला. प्रश्न तेच आहेत. पूर्वी ते सरकारी माणूस विचारी. आता त्यांची उत्तरे कंपनीनेच आधी लिहून द्यायची आहेत. सरकार ती उत्तरे एकमेकांशी ताडून पाहते. म्हणून कंपनीचे कर-खाते म्हणजे तिने आपल्याच घरात चालवलेली शुल्कशाला, असे म्हटले तरी चालेल. आणि ती शुल्कशाला बहुतेक ठिकाणी असते कुठे? मुंबईत, दहाव्या मजल्यावर, दापोड्यापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर!

या अंतराने काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी बी.कॉम. होऊन एका कंपनीच्या कर-खात्यात लागला. कंपनीचे एक गोदाम याच भागात. २०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर माल इतका आला की गोदाम भरून गेले. गोदामाच्या मॅनेजरने त्याच आवारातला आणखी एक गाळा भाड्याने घेतला आणि माल तिकडे हलवला. त्याच्या दृष्टीने काम फत्ते झाले. पण जीएसटीच्या नोंदणीत कंपनीचे प्रत्येक व्यवसायस्थान लिहिलेले असावे लागते. बदल झाला तर तो पंधरा दिवसांत कळवावा लागतो. हा नवा गाळा कोणी कळवलाच नाही. एके दिवशी त्या गाळ्यातून ट्रक निघाला. तपासणीत कागदावर एक पत्ता, माल निघाला दुसरीकडून, असे दिसले. अधिकाऱ्यांना शंका आली आणि गाडी अडली. कायद्याप्रमाणे अशा वेळी कराच्या दुप्पट दंडाची मागणी होऊ शकते, तशी झाली. कंपनीने पैसे भरून माल सोडवला.

कंपनी मोठी होती, तिला तो दंड जड गेला नाही. पण ट्रकचा मालक आणि ड्रायव्हर हा एकच माणूस होता. तीन दिवस तो रस्त्याच्या कडेला गाडीपाशी बसून राहिला. त्याची तीन दिवसांची दुसरी भाडी बुडाली. आणि पुढची गंमत बघा, माल उशिरा पोचला म्हणून त्याच्याच बिलातून पैसे कापले गेले! ती कपात लिहिणारा हात माझ्या विद्यार्थ्याचा होता. हे सगळे सांगून तो मला म्हणाला, "सर, नव्या गाळ्याचं मला पंधरा-वीस दिवस आधीपासून ठाऊक होतं. भाड्याचं बिल माझ्याच टेबलावर आलं होतं. पण आदल्या महिन्यात एक चूक सांगायला गेलो, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं. म्हटलं, आपल्याला काय करायचंय!"

वाचकहो, कंपनीच्या कर-व्यवस्थापनावर जाडजूड ग्रंथ आहेत. पण त्या सगळ्यांतून मला जे सांगायचे आहे ते या मुलाच्या बोलण्यात आले. कर ठरतो तो गोदामाच्या दारात. आणि कर-खात्याची परीक्षा होते ती दारातली खबर खात्यापर्यंत वेळेवर पोचते की नाही, यात.

सामान्य समजूत अशी, की कर-खाते म्हणजे तारखा सांभाळणारे खाते. तारखा आहेतच, आणि त्यांचे एक पंचांगच आहे. दर महिन्याच्या सात तारखेला, आपण दुसऱ्यांना दिलेल्या पैशांतून कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, सरकारात भरायचा. फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. अकरा तारखेला महिन्यात केलेल्या विक्रीचे विवरणपत्र. चौदा तारखेला सरकारकडून खरेदीचा तक्ता येतो. वीस तारखेला जीएसटी भरायचा. कंपनीचा स्वतःचा आयकर वर्ष संपायच्या आतच चार हप्त्यांनी भरायचा असतो: १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत सगळा. छोट्या व्यापाऱ्यांना काही सवलती आहेत, पण मोठ्या कंपनीला हे चक्र चुकत नाही.

परंतु पंचांग पाहून मुहूर्त कळतो, स्वयंपाक होत नाही! वीस तारखेला भरायचा आकडा बरोबर आहे की चूक, हे महिनाभर गोदामात काय घडले त्यावर ठरते. चार उदाहरणे देतो, सगळी दापोड्यातल्या कुठल्याही गाळ्यात घडणारी.

पहिले उदाहरण मालाच्या हालचालीचे. कंपनीने दापोड्याहून पुण्याच्या आपल्याच गोदामात माल पाठवला. राज्य एक, नोंदणी एक, तेव्हा कर नाही. चलन आणि ई-वे बिल पुरे. पण तोच माल गुजरातेत वापीच्या आपल्याच गोदामात पाठवला, तर कर लागतो. देणारा आपण, घेणारा आपण, विक्री झालेली नाही, तरीही कर! कारण प्रत्येक राज्यातली नोंदणी वेगळी, आणि कायदा त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती मानतो. जीएसटीच्या पंधरा अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. माल चढवणाऱ्या माणसाला हे दोन आकडे ओळखता आले तरी निम्मे काम झाले.

दुसरे उदाहरण भाड्याचे. गाळ्याचा मालक गावातला शेतकरी. त्याचे भाडे थोडे, म्हणून त्याने जीएसटीची नोंदणी केलेली नाही. पूर्वी तेथे प्रश्न मिटत असे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा झाला, की नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणी असलेल्या कंपनीने अशी जागा भाड्याने घेतली, तर भाड्यावरचा अठरा टक्के कर कंपनीने स्वतःच भरायचा. शिवाय भाडे महिन्याला पन्नास हजारांवर असेल, तर त्यातून दहा टक्के आयकर कापून मालकाच्या नावावर सरकारात भरायचा. आता हे भरताना कारकुनाने मालकाच्या पॅन क्रमांकात एक अक्षर चुकवले, तर काय होईल? पैसे कापले गेले शेतकऱ्याचे, आणि जमा झाले तिसऱ्याच कोणाच्या नावावर, किंवा कोणाच्याच नाही. शेतकऱ्याला ते कळते वर्षानंतर, जेव्हा आयकर खात्याचे पत्र येते तेव्हा.

तिसरे ट्रकचे. वाहतुकीच्या भाड्यातून टीडीएस कापायचा असतो. पण ज्याच्याजवळ दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या आहेत, त्याने आपला पॅन देऊन तसे लिहून दिले, तर त्याचे पैसे कापायचे नाहीत. कायद्याने लहान माणसासाठी ठेवलेली ही फट आहे. पण ते लिहून घेण्याचा कागद त्याच्यापुढे ठेवणार कोण? गोदामातच कोणी तो ठेवला नाही, तर दहाव्या मजल्यावरचा माणूस नियमाप्रमाणे पैसे कापून मोकळा होतो.

चौथे उदाहरण भिवंडीच्या यंत्रमागाचे. लहान माग-मालकाने कंपनीसाठी कापड विणून दिले, आणि कंपनीने पैसे सहा-सहा महिने लटकवले, ही या गावाची जुनी कहाणी. २०२३ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासूनच्या करनिर्धारण वर्षाला लागलेल्या दुरुस्तीने आयकर कायदा त्यात पडला. नोंदवलेल्या सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, करार नसेल तर पंधरा दिवसांत दिले नाहीत आणि वर्षअखेर ते थकलेले असले, तर तो खर्च त्या वर्षी कंपनीच्या नफ्यातून वजा होत नाही. पैसे ज्या वर्षी देईल त्या वर्षी होतो. म्हणजे माग-मालकाला उशिरा पैसे दिले, तर कंपनीचाच कर वाढतो. जीएसटीतही एकशेऐंशी दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या खरेदीवर घेतलेली वजावट परत करावी लागते. कर-खाते जागे असेल, तर तेच हिशेब खात्याला जाऊन सांगते, "अहो, या माणसाचे बिल आधी काढा."

या चौथ्या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. आपण खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करता येतो, हा जीएसटीचा पायाच आहे. पण १ जानेवारी २०२२ पासून ही वजावट मिळते ती विकणाऱ्याने आपले विवरणपत्र भरले आणि ती नोंद चौदा तारखेच्या तक्त्यात उमटली तरच. विकणारा आळशी निघाला, तर भुर्दंड घेणाऱ्याला. तेव्हा चौदा ते वीस तारखेपर्यंतचे सहा दिवस कर-खात्यात मेळ घालण्याची धांदल उडते. आमच्या जुन्या मेहताजींची रोजमेळ आणि खतावणी जुळवण्याची शिस्त यांत्रिक युगात नाहीशी झाली असे कोणाला वाटत असेल, तर त्याने सतरा-अठरा तारखेला एखाद्या कंपनीत जाऊन पाहावे.

आता प्रश्न असा, की अशा खात्याच्या प्रमुखाने करावे काय? कायदा त्याला ठाऊक हवा, हे वेगळे सांगायला नको. कायदा बदलत राहतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा येतो, कलमांचे क्रमांकसुद्धा बदलतात. पाठांतरावर जगणाऱ्याचे येथे हाल आहेत. पण ज्ञानाइतक्याच तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत असे मला वाटते.

पहिली, त्याने गोदाम पाहिलेले असावे. नकाशावर नव्हे, पायांनी. माल उतरताना, माथाडी कामगार थप्पी लावताना, टेम्पोच्या चालकाला बिल्टी देताना पाहावे. तो तेथे गेला की मॅनेजर सहज बोलून जातो, "साहेब, पलीकडचा गाळाही घेतलाय." हे वाक्य कुठल्याही तक्त्यात येत नाही.

दुसरी, जो निर्णय घेतला तो कारणासह लिहून ठेवावा, आणि जो लिहितो त्याने स्वतःचे तपासू नये. तपासणारा दुसरा असावा. २०२० पासून आयकराची तपासणी बहुतांशी समोरासमोर होत नाही. अधिकारी कोण, कुठल्या गावचा, हे कंपनीला कळत नाही. नोटीस पडद्यावर येते आणि उत्तरही तेथेच लेखी द्यायचे. "मी जाऊन साहेबांना समजावून सांगतो" हा जुना उपाय संपला. तुमचा कागद हीच तुमची जीभ. आणि नोटीस आली हेच कोणी पाहिले नाही, तर मुदत उलटून एकतर्फी निकाल होतो. रोज सकाळी आधी नोटिसा पाहायच्या, हे काम एका ठरलेल्या माणसाकडे असावे, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्या ठरलेल्या माणसाकडे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. हाताखालच्या माणसाला आपली चूक सांगण्याची भीती वाटू नये. कराच्या बाबतीत चूक लवकर सांगणे आणि उशिरा सापडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. ई-वे बिलात गाडीच्या नंबराचा एखादा आकडा चुकला, तर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे, हजार रुपयांत प्रकरण मिटते. गाडीचा नंबर घातलाच नाही, तर गाडी अडते. आज भरायचा राहिलेला कर उद्या भरला, तर व्याज एका दिवसाचे. तीन वर्षांनी सापडला, तर वर्षाला अठरा टक्क्यांनी व्याज, वर दंड, आणि हेतूबद्दल संशय. चूक नासक्या फळासारखी असते. टोपलीत झाकून ठेवली की शेजारची फळेही नासवते.

या तिघांची एकत्र परीक्षा २२ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले. बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून गेले, पाच आणि अठरा हे मुख्य राहिले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल अठरावरून पाचावर आले. मोठे टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर. गोदामातली थप्पी रात्री होती तेथेच सकाळी होती, पण तिच्यावरचा कर बदलला होता. संगणकातले दर, छापील किमती, वाटेत असलेल्या गाड्या, दुकानदाराला आधी दिलेली बिले, सगळ्यांचा विचार एका रात्रीत करायचा होता. ज्या कंपन्यांत कर-खाते, गोदाम आणि विक्री खाते एकमेकांशी बोलत होते, त्यांना ती रात्र कष्टाची गेली. जेथे बोलत नव्हते, तेथे किती रात्री लागल्या असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? हुशार कर-प्रमुख तोच, जो कर वाचवतो. वाचवू दे की! कायद्याने दिलेली सवलत घेणे हे त्याचे कामच आहे. जकात नाक्याबाहेर दापोड्याला गोदाम घेणारे व्यापारी कर चुकवीत नव्हते. माल आत नेला की ते जकात भरतच होते. पण माल आत नेऊन तो बाहेर आहे असे लिहिणे, ही वेगळी गोष्ट. विक्री खाते महिनाअखेरीस येऊन सांगते, "माल उद्या निघेल, पण बिल आजच्या तारखेचे करा." त्या वेळी "नाही" म्हणण्याची हिंमत ज्याच्याजवळ आहे, आणि ते "नाही" ऐकून घेण्याइतका मान मालकाने ज्याला दिला आहे, तोच खरा कर-प्रमुख.

माझा तो विद्यार्थी आता दुसऱ्या एका कंपनीत चार माणसांचे खाते सांभाळतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी विचारले, काय बदललेस? तो म्हणाला, "सर, दोनच गोष्टी. एक वही ठेवली आहे. ज्याची चूक त्यानं त्याच दिवशी वहीत लिहायची; लिहिणाऱ्याला कोणी बोलायचं नाही. पहिली चूक मी माझी लिहिली." आणि दुसरी? तो जरा थांबला. "आमच्या कागदामुळं गाडी अडली, तर खोळंब्याचे पैसे ड्रायव्हरला आमच्याकडून मिळतात. हे मी मालकांकडून लिहूनच घेतलंय."

पुढच्या वेळी माणकोलीच्या वळणावर मालगाड्यांची रांग दिसली, तर काचेतून जरा पाहा. त्यांतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने भरलेला एक कागद आहे. तो कागद खरा असला, की गाडी न थांबता पुढे जाते.